सत्तेचाळिसावं तोंड

फिगिग, ४ मार्च
ती. बूझियानदादास,
यामनाचा सलाम, वि. वि.
आपल्या भुयारी पाटाचा नकाशा एकदाचा झाला. फुकटचा, खुला नकाशा वापर म्हणून तू रबातहून कानीकपाळी ओरडलास. पण त्याची मांडणी आणि उस्तवार कोण करणार? एका कंपनीचा तयार होता, तोच घेतला. पाटात उतरायच्या त्रेसष्ट विहिरींच्या तोंडांशी उभं राहून हम्मूकाकांनी आत कुठलं छत कच्चं ते सांगितलं, मी तिथल्या तिथे फोनवरच्या नकाशात ठिपक्याने भरलं. कच्च्या जागेचं नाव घरात घेतलं तर छत ऐकतं आणि ढासळतं, ही त्यांची रीत तुला ठाऊकच आहे. आता तुझे मेहुणे तायेब गाळ काढायला उतरले की माझा जीव टांगणीला नको. वहिनींना सलाम, आणि लोभ पत्रातून दिसू दे.
तुझी यामना

रबात, १९ मार्च
चि. यामनास आशीर्वाद.
आयत्या बिळावर नागोबा झालीस. करार वाचलास का? तुझे ठिपके कंपनीच्या घरात राहतात. बघता येतात, काढून नेता येत नाहीत. उद्या त्यांनी दार लावलं तर? निदान सगळं वहीत उतरव. आळशी आहेस म्हणून दोनदा सांगतो: उतरव. तायेबला आठवण सांग, माया राहू दे.
बूझियान

फिगिग, ११ ऑक्टोबर
ती. दादास सलाम, वि. वि.
वहीत उतरवलं नाही. कंपनीने नकाशाच बंद केला. एका ओळीत कळवलं. वादळाच्या वाळूने पाट सत्तेचाळिसाव्या तोंडाशी तुंबलाय, खजुरी सुकताहेत. काकांचे पाय अर्धांगवायूने गेले. जीभ चालते, पण घरात नाव घेत नाहीत. मी पाया पडले तर त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. तायेबना उतरू देववत नाही, थांबवताही येत नाही. कोंडून घातल्यासारखं झालंय. काहीतरी कर.
यामना

फिगिग, २ नोव्हेंबर
ती. दादास सलाम, वि. वि.
तू मांडून पाठवलेला खुला नकाशा चालतो. काकांना खाटेसकट तीनचाकीवर नेलं. थेट सत्तेचाळिसाव्याशी जाऊ म्हटलं तर रागावले, म्हणाले, पोरी, पाण्याच्या घरात मागच्या दाराने शिरतात का? पहिल्यापासून क्रमानेच गेलो. दिवसाला चार-पाच व्हायची. एक्केचाळिसावं झालं त्या रात्री ते गेले.
या खेपेला वहीतही उतरवलंय. उरलेल्या बावीस ठिपक्यांशी मी लिहिलंय, उतरण्याआधी विचारा. कोणाला, ते लिहिता आलं नाही. तायेब उद्या सकाळी उतरणार आहेत. दोर मी धरीन. माझ्यावर रागावला असलास तरी माया तोडू नकोस.
तुझी यामना