सहावा प्रश्न

सर, तुम्हाला जाऊन वीस वर्षं होत आली. काल माझ्याकडे शिकणाऱ्या मुलीला कोर्टाच्या परवानगीनं पहिल्यांदा उलटतपासणीला उभं केलं. तिच्या कागदावरचे प्रश्न मी तीनदा वाचले आणि घरी येऊन हे लिहायला बसले.

जुन्नरच्या कोर्टात तुम्ही मला असंच उभं केलं होतं. मी लॉच्या शेवटच्या वर्षाला, सुट्टीत ओतूरहून रोज एसटीनं यायची. आपण आरोपीचे वकील. आळेफाट्याजवळ एका म्हाताऱ्याला उडवून ट्रक पळून गेला होता. तो ट्रक आपला अशील चालवत होता की नाही, एवढाच वाद. पाहणारी एकटी म्हाताऱ्याची बायको, पिंपळवंडीची. न्यायाधीशांना विचारून तुम्ही तिची उलटतपासणी मला दिलीत. पाच प्रश्न लिहून दिलेत. "एवढेच विचार. मी शेजारी आहे," म्हणालात.

ती पिंजऱ्यात उभी आहे, कठडा दोन्ही हातांनी धरून. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. ट्रकचा नंबर तिला वाचता येत नाही, रंग निळा की हिरवा हेही नीट सांगता येत नाही. मग ती आपल्या अशिलाकडे बोट करते. "ह्यो खाली उतरला व्हता. आमच्या मालकाच्या तोंडात पानी घातलं ह्यानं. मंग पळाला."

"पोलिसांना हे सांगितलंत?"

"सांगितलं व्हतं. त्यांनी लिवलं न्हाई."

तो पाचवा प्रश्न होता. तुम्ही माझी बाही ओढलीत. पण सगळं कोर्ट माझ्याकडे बघत होतं आणि मला ते आवडत होतं. मी म्हणाले, "पाण्याची ही गोष्ट तुम्ही घरी बसून रचलीत, खरं ना?"

"मी कशापायी रचू, बाई?" एवढं बोलून ती रडायला लागली.

बाहेर व्हरांड्यात आपला अशील मान खाली घालून म्हणाला, "म्हातारी खरं बोलली, साहेब. पानी मीच पाजलं." तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "शंका दाखवायची होती. तिला खोटं पाडायला कुणी सांगितलं होतं? जा, तिला एसटीत बसवून ये."

पुढे शंकेचा फायदा मिळून तो सुटला.

मी स्टँडवर गेले होते, सर. ती बाकावर एकटीच बसली होती, पिशवी मांडीवर घेऊन. मी पेपरच्या स्टॉलमागे उभी राहिले. गाडी आली, कंडक्टरनं हात देऊन तिला वर घेतलं, गाडी गेली. मी तिच्याजवळ गेलेच नाही.

परत आले तेव्हा तुम्ही विचारलंत, "काही बोलली का?" मी सांगितलं, ती म्हणाली, "पोरी, तुजं कामच हाय ते. मी मनात ठेवत न्हाई." तुम्ही चष्मा काढून डोळे पुसलेत. नंतर आलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला तुम्ही तिचं हे बोलणं सांगत राहिलात. पुण्याच्या दवाखान्यात, शेवटच्या आठवड्यातसुद्धा मला म्हणालात, "त्या बाईनं आपल्याला माफ केलं, हे बरं झालं." तेव्हा मी नुसती मान हलवली. आज लिहिलेला हा कागदही कुणाला द्यायचा नाही.

ती तसं काही म्हणाली नव्हती. स्टँडवरून कोर्टात परत येता येता ते मी जुळवलं होतं.