लावण्यासाठी टाळ्या

मंगळवार, संध्याकाळ. नल्लकुंटा

लावण्याच्या घरी तेलुगू, त्यामुळे मराठी वाचताना अडखळते. तिची एक ओळ झाली की मी सगळ्या वर्गाला टाळ्या वाजवायला लावते. कच्च्या मुलांना हुरूप येतो, असं माझं मत.

आज मधल्या सुट्टीत तिनं डबा उघडला, तर पोरांनी टाळ्या वाजवल्या. पाणी प्यायली, तरी टाळ्या.

मला म्हणाली, "टीचर, टाळ्या नक्को. ज्यांना वाचता येतं त्यांच्यासाठी कुणीच वाजवत नाही."

एवढीशी पोर, आणि मला शिकवते. "जागेवर बस," म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

उद्या बाकीच्या टीचर माझी ही पद्धत बघायला येणार आहेत. वाचायला कुणाला उभं करू? लावण्यालाच. तिच्याइतकं वाईट दुसरं कुणी वाचत नाही.