भिंतीपलीकडचा ठोका

४ मार्च, लातूर
आई आज पुन्हा घसरली. कुणाच्या तरी घरी शेंगदाण्याचं कूट कुटण्याची ठकठक चालली होती, तर ही हंडा घेऊन नळाकडे धावली. "रशीदाभाबी ठोकायली, पानी आलं की!" पाण्याचा दिवस अजून लांब आहे. टाके पडले नाहीत, नशीब. पण पुढच्या वेळी?
ही सवय शेजारच्या रशीदाचाचींची. नळ आला की मधल्या भिंतीवर तांब्यानं ठोकायच्या. आईनं इकडून उलट एक ठोका दिला की कळलं म्हणायचं. दोघींची हयात त्यात गेली. चाची दिवाळीत वारल्या, मुलगा घराला कुलूप लावून मुखेडला. आईच्या हे डोक्यात राहत नाही. बाकीही बरंच राहत नाही.

५ मार्च
अकरावीला मानसशास्त्रात घंटा-कुत्रा-लाळ शिकवलं. घंटेमागोमाग खायला देत राहिलं की पुढे नुसत्या घंटेनं कुत्र्याला लाळ सुटते. मग खायला न देता घंटा वाजवत राहिलं की लाळ हळूहळू थांबते. शिकवता शिकवता आईच दिसायला लागली. करून बघावं? कुत्र्याच्या जागी आई. लाज वाटली. तरी...

६ मार्च
सुरू केलं. तांब्यानं भिंत ठोकते, "आई, चल" म्हणते. नळ कोरडा. ती तोटी फिरवून बघते, हिरमुसते. थोड्या वेळानं मी परत ठोकते.

११ मार्च
खरं पाणी आलं. ती झोपली होती. मी मुकाट्यानं भरून घेतलं.

१५ मार्च
जमलं. ठोकलं तरी आई मेथी निवडत बसून राहिली. मानसशास्त्राच्या मॅडम हुशार आहेत.

१७ मार्च
जेवायला हाक मारली, "आई." वळली नाही. जवळ जाऊन मारली. नाही. ताट पडलं तर दचकली, म्हणजे कान ठीक आहेत. प्रत्येक कोरड्या नळाआधी ठोक्यासोबत मी "आई"च म्हणत होते. ठोक्याबरोबर ती हाकही पुसली गेली. काय करून बसले मी. खूप रडले.

१९ मार्च
भरदुपारी भिंतीवर ठोका. पलीकडून. बाहेर जाऊन बघितलं. कुलूप, त्यावर धूळ. मोडलेली सवय मधेच उसळी खाते, वर्गात मीच शिकवते. पण ती सवय आईची. ठोका मला कसा ऐकू आला?
आत आले तर आई भिंतीला कान लावून उभी. "आई," म्हटलं. नाहीच. मग तांब्या घेतला न् भिंतीवर ठोकला.
वळली. तोंडभर हसली. किती दिवसांनी माझ्याकडे बघून हसली.
"आले, भाबी," मला म्हणाली.
पलीकडून उलट एक ठोका आला. आई नळापाशी बसलीय. हंडा माझ्याजवळच आहे, तोटीखाली अजून ठेवलेला नाही.