अष्टमीला सायंकाळी साडेसातला जगाचा अंत

२४ ऑगस्ट, रविवार. दुपारी ४.
दगडाचा सिनेमा पाहिला. हिंदीत डब केलेला. सहाव्यांदा. असे अकरा सिनेमे माझ्या पेनड्राइव्हमध्ये आहेत. अकराही सिनेमांत आकाशातून दगड येतो आणि अकराही वेळा अमेरिकेवरच पडतो.

ऑफिसात विचारतात, सदाशिवराव, तुम्ही हेडक्लार्क माणूस, या वयात हे काय पाहता. उत्तर सोपं आहे. पहिल्या तासाभरात सगळं फुटतं. पूल, इमारती, गाड्या, माणसं. चेंदामेंदा. आणि हे कोणी फोडलं म्हणून कोणी कोणाला विचारत नाही. तुझा स्वभावच असा, असं दगडाला कोणी ऐकवत नाही. उलट दगड येतोय म्हटल्यावर वेगळे राहणारे नवरा-बायको धावत येऊन एकमेकांना मिठी मारतात. अकरापैकी अकरा. मी सिनेमा तिथेच बंद करतो.

बायको, रजनी, दिग्रसला भावाकडे आहे. चार दिवस हवापालट. १९ एप्रिलला गेली.

२६ ऑगस्ट, मंगळवार.
खरं तर ताटाचं निमित्त झालं. भाजीत मीठ नव्हतं, मी ते शांतपणे सांगत होतो, तेवढ्यात ताट हातातून निसटलं. निसटलं ते समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरला लागलं. बारा फूट अंतर आहे, मी नंतर मोजलं. स्टीलची ताटं हल्ली फार गुळगुळीत येतात. एवढ्यावरून माणूस घर सोडतो का? पण रजनीचा स्वभाव आधीपासून हळवा आहे.

संकल्प : राग आला की दहापर्यंत मोजायचं.

३१ ऑगस्ट, रविवार. संध्याकाळी ७.
दुर्गोत्सव मंडळाची मीटिंग. अध्यक्ष बेबीताईंनी यंदाही बारा ज्योतिर्लिंगांचा देखावा सुचवला. तीच ज्योतिर्लिंगं चौथ्या वर्षी. मी उभा राहून ‘उल्कापाताने यवतमाळचा विनाश’ हा विषय मांडला. विदर्भात एकदाच खरा दगड पडला आणि तोही लोणारला. तलाव बुलढाण्याला, पर्यटक बुलढाण्याला. यवतमाळच्या वाट्याला काय? हा अनुशेष मंडळाने भरून काढावा, असं बोललो. टाळ्या पडल्या.

बेबीताई म्हणाल्या, भाऊ, देवीसमोर लोकाइले मारून टाकता काय? मी म्हणालो, देवी स्वतः काय करते आहे बघा. त्या म्हणाल्या, पण मंग महिषासुर कुठी गेला? मी जागच्या जागी निर्णय घेतला : दगडालाच शिंगं लावू. ठराव मंजूर.

मनातलं कोणाला सांगितलं नाही. पुठ्ठ्याच्या शहरात आमचंही घर असेल. दगड सगळं चिरडेल, फक्त आमचं घर वाचेल. दारात दोन बाहुल्या. दोरी ओढली की मिठी मारतील. रजनी समोर बसून हे पाहील. मग ती दिग्रसला कशाला जाते?

४ सप्टेंबर, गुरुवार.
ऑफिसात अंगठ्याचं मशीन माझा अंगठा ओळखेना. सहा वेळा लावला. दहापर्यंत मोजायला सुरुवात केली, चारपर्यंत छान मोजलं. मग मशीन भिंतीवरून खाली आलं. खाली आल्यावर पाय लागला. दोन-तीनदा लागला.

कारणे दाखवा नोटीस. उत्तर लिहून दिलं : ‘सदर मशीन गुरुत्वाकर्षणामुळे पडले असून त्यास अधोस्वाक्षरीकर्ता जबाबदार नाही.’ साहेबांनी ते दोनदा वाचलं. प्रभाव पडला असावा.

संकल्प सुधारित : पाचपर्यंतच मोजायचं. जमेल तेवढंच ठरवावं.

७ सप्टेंबर, रविवार.
लोहाऱ्याला जाऊन धनसिंगला गाठलं. वेल्डर. हात सोन्याचा, तोंड फाटकं. त्याला सांगितलं, दगड सात फुटी हवा, वर टांगायचा, माझ्या इशाऱ्यावर खाली. लोखंडी सांगाडा, त्यावर गोणपाट, आत काहीतरी हलकं. त्याच्या शेतातला शेवटच्या वेच्याचा कापूस पोत्यांत पडून आहे. मीच म्हणालो, तोच भरू. कापसाने कोणी मरत नाही.

धनसिंग म्हणाला, साहेब, कापूस पानी पेते. दसऱ्यालोक पाऊस हायेच. वरून ताडपत्री टाका लागन. मी त्याला समजावलं की वरून डिस्टेंपर मारणार आहोत. घराच्या भिंतींना तेच मारतात, भिंती भिजू नयेत म्हणूनच ना? तो पोत्यांकडे पाहत डोकं खाजवू लागला. पटलं असावं.

१४ सप्टेंबर, रविवार. रात्रीचं जेवण झाल्यावर.
पुठ्ठ्याचं यवतमाळ जवळजवळ तयार. बसस्टँड झालं. आमचं ऑफिस मी स्वतः केलं, छप्पर मुद्दाम पातळ ठेवलं. आत टेबलं, टेबलांमागे माणसं. साहेबांना लाल रंग आधीच लावून ठेवला, म्हणजे ऐन वेळी धावपळ नको. शेजारच्यांची गाडी केली, जी मागे घेताना गाणं वाजवते. ती अगदी बरोबर दगडाखाली येते. फार दिवसांनी एवढं शांत वाटलं.

रजनीची बाहुली तिसऱ्यांदा करावी लागली. तोंड जमेना. आधीच्या दोघी मुठीत चुरगाळल्या गेल्या.

१८ सप्टेंबर, गुरुवार.
रजनीला फोन केला. निमंत्रण दिलं, अष्टमी, साडेसात. मी बदललो आहे हेही सांगितलं.  ती म्हणाली, येईन सलीलसोबत, पाहीन, मंग ठरवीन. सलील म्हणजे तिचा धाकटा भाऊ. तो कशाला हवा, एवढंच मी विचारलं. त्यानंतर मोबाईल पडला. काच गेली, पण ‘ठरवीन’ हा शब्द ऐकून झाला होता.

ती येणार. पाहणार. ठरवणार. पलंगावरची नवी चादर आणली.

२२ सप्टेंबर, सोमवार. घटस्थापना.
दगड टांगला. काळा, आगीचे पट्टे, दोन शिंगं. पोरंसोरं, म्हातारे, सगळे खाली उभे राहून माना वर करून बघतात. कोणाला देवी आठवत नाही. माणसाला डोक्यावर मरण लटकलेलं पाहायला आवडतं, हे मी आधीपासून म्हणतोय. धनसिंगने पुन्हा ताडपत्रीचा विषय काढला. नऊ दिवस दगड झाकून ठेवला तर लोक घाबरणार कशाला? त्याला हाकललं.

२६ सप्टेंबर, शुक्रवार.
पाऊस.

२७ सप्टेंबर, शनिवार.
पाऊस. दगड थोडा खाली आल्यासारखा वाटतो. नजरेचा भ्रम.

२८ सप्टेंबर, रविवार.
धनसिंग म्हणाला, साहेब, वायररोप करकर करून राह्यला, दगड उतरवा. म्हणाला, बाजारात कापसाले पानी मारून वजन वाढवते, तसं झालं हे, दोन क्विंटल तरी भरन. यवतमाळात जन्मलेल्या माणसाला हे शिकवतो. मला माहीत नाही का? पण ते व्यापारी लबाडी करायला मारतात. इथे लबाडी नाही, म्हणून मी त्या दृष्टीने विचार केला नव्हता. पाचपर्यंत मोजलं. मोजून झाल्यावर धनसिंगचा पान्ना नालीत गेला होता.

दगड उतरवला नाही. दोन दिवसांचा प्रश्न आहे.

३० सप्टेंबर, मंगळवार. अष्टमी. दुपारी ३.
पाऊस थांबला. दाढी केली. माझ्या आवाजातली कॉमेंट्री टेप करून झाली. शेवटचं वाक्य मलाच आवडलं : ‘आणि मग माणसं सगळं विसरून एकमेकांना जवळ घेतात.’ रजनी दिग्रसहून चारच्या एसटीने निघणार.

तोच दिवस. रात्री ११.
क्रमाने लिहितो.

सहा पंचेचाळीस. रजनी आली. बायकांच्या बाजूला, हिरवी साडी. बारीक झाली आहे. तिने आमचं पुठ्ठ्याचं घर ओळखलं, सलीलला बोट करून दाखवलं. आणि हसली. मी हे नीट पाहिलं.

सहा पन्नास. दगड पडला. मी इशारा केला नव्हता. चाळीस मिनिटं आधी. सिनेमात असा धडाम आवाज येतो, इथे ओली गादी पडल्यासारखा आला. पहिल्या रांगेतल्या प्रमुख पाहुण्यांच्या अंगावर बादलीभर काळं पाणी. ऑफिसला ओरखडा नाही. दगड गोल असल्याने घरंगळला आणि थेट आमच्या घरावर गेला. डावं शिंग दारातून आत. दोन्ही बाहुल्या खाली.

त्यानंतरचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. हातात मांडवाचा बांबू होता. दगडाला हाणला. फाटला, आतून ओला कापूस आतड्यासारखा बाहेर आला, तरी हाणला. मग बसस्टँड. मग ऑफिस, साहेबांसकट. मग फोकस लाइट, भोंगा, पाहुण्यांची खुर्ची. पाहुणे उठलेले होते. धनसिंग आवरायला आला. बांबू त्याच्या तोंडाला लागला. नाही. मी त्याच्या तोंडावर मारला. त्याचा ओठ फाटला, रक्त शर्टावर आलं.

मांडवात सगळे गप्प. माझी टेप तेवढी धक्क्याने कुठेतरी चालू झाली होती, हळू आवाजात, सगळं विसरून एकमेकांना जवळ घ्यायला सांगत. आणि मग टाळ्या. आधी मागून, मग सगळीकडून. शिट्ट्या. मोबाईल वर. लोकांना तो देखाव्याचाच भाग वाटला.

बायकांच्या बाजूला पाहिलं. हिरवी साडी नव्हती.

१ ऑक्टोबर, बुधवार. नवमी. सकाळी १०.
बेबीताई आल्या. व्हिडिओ जिल्हाभर फिरतोय. दारव्ह्याहून लोक गाड्या करून येणार आहेत. म्हणाल्या, भाऊ, आज सात, आठ अन् नऊले तीन शो करा, काल केलं तस्संच करा, काही बदलू नका. पुठ्ठ्याचं सामान त्या पुरवणार. फक्त धनसिंग येत नाही म्हणतो, दोन टाके आहेत.

म्हणजे माझं चुकलं नव्हतं. लोकांना हेच पाहायचं असतं. रजनीला हे सांगायलाच फोन केला. शांतपणे सांगितलं, की तीन हजार लोक रांगेत उभे राहणार आहेत मला पाहायला.

ती म्हणाली, त्याइले पाहू द्या. मी अठ्ठावीस वर्षं घरातच पाह्यलं, मले तं कधी टाळी वाजवा वाटली नाही.

फोन तिनेच ठेवला. माझा हातातच राहिला. शो रद्द केले. बेबीताई चिडल्या.

संकल्प : काही नाही.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा. संध्याकाळी ६, दिग्रस बसस्टँड.
सकाळी आधी लोहाऱ्याला गेलो. धनसिंगच्या हातात सोनं दिलं. त्याने पानं घेतली, खिशात घातली आणि वेल्डिंगचा चष्मा लावला. आत या म्हणाला नाही.

मग दिग्रस. न कळवता. सलीलच्या घरी बैठक भरलेली, शेजारपाजारचे सोनं द्यायला आलेले. मी आल्यावर बोलणं थांबलं. वरचा बल्ब, फ्लॉवरपॉट, टीव्ही, मी कशाकडेही पाहिलं की सलील तिकडे पाहायचा. बायकांपैकी कोणीतरी हळूच म्हणालं, व्हिडिओतले हेच. तिने मला हसून नमस्कार केला.

रजनी चहा घेऊन आली. सगळ्यांना कपबशीत. मला स्टीलच्या ग्लासात. आधी वाटलं, घरच्या माणसाला ग्लासात देतात, हे चांगलं लक्षण आहे. बसस्टँडवर येईपर्यंत तसंच लिहायचं ठरवलं होतं. पण सलीललाही कपातच होता, आणि तो त्याच घरचा आहे.

तिला सोनं दिलं. तिने घेतलं. येतेस का, असं विचारायचं होतं. विचारलं नाही. ती दाराला टेकून उभी होती, माझा चहा संपायची वाट पाहत, पाय दाराच्या बाहेर.

चहा फार गरम होता, बोटं भाजत होती. खाली टीपॉय होता, काचेचा. ग्लास ठेवला तर आवाज होईल, आणि आवाज झाला की ती दचकेल. म्हणून शेवटपर्यंत हातातच धरला.