डिंकाने चिकटवलेली बाग

८ जानेवारी

चि. गुंड्यास,
अनेक आशीर्वाद. त्यातला ‘उत्तम’ आज काढून ठेवला आहे.

सख्ख्या बहिणीच्या दुकानासमोर सार्वजनिक संडास आणून ठेवताना तुझा हात कसा धजला, ते आधी सांग. काल बागेच्या फाटकावर भला मोठा फलक लावला. नव्या बागेचा आराखडा, रंगीत, वर ‘मंजूर’ म्हणून शिक्का. सगळं गाव बघायला लोटलं, म्हणून मीही शिवणाचं मशीन सोडून गेले. शोधत शोधत माझ्या दुकानावर बोट ठेवलं, तर बोटाच्या बरोबर समोर, मधे फक्त रस्ता, संडास! शेजारचा चष्मेवाला म्हणतो कसा, वहिनी, आता गिऱ्हाइकांना पत्ता सांगणं सोपं झालं. त्याचे दात पाडायचे राहिलेत. तुझं झालं की त्याच्याकडे बघते.

फोन मुद्दाम करत नाही. फोनवर तू हो ताई, हो ताई म्हणतोस आणि तिकडे कागदावर रेघा मारत बसतोस.

माझ्याकडे बायका मापं द्यायला येतात. दार उघडं ठेवल्याशिवाय दुकानात उजेड येत नाही. उद्यापासून सुईत दोरा ओवताना मी समोर काय बघायचं? पोट धरून उभी राहिलेली रांग? नव्या बागेचा नकाशा माझा भाऊ काढतोय असं मी गावभर सांगत हिंडले. आता तोंड झाकायला पडदा मलाच शिवावा लागणार.

तुझे दाजी बरे आहेत. कारखान्यातलं काम सुटल्यापासून दिवसभर बागेतल्या मोठ्या झाडाखाली बुद्धिबळ खेळतात आणि हरून घरी येतात. त्यांना संडासाचं सांगितलं तर म्हणाले, चला, सोय झाली.

कळावे. लोभ आहे, पण तो आता तुझ्या उत्तरावर.
ताई


१३ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा जरा लांब धरून.

ताई, माझ्या नकाशात ते स्वच्छतागृह तुझ्यासमोर नव्हतंच. पार पलीकडे, पाण्याच्या टाकीमागे होतं. ते बाग ओलांडून तुझ्याकडे कसं आलं, हे मलाही कोडंच आहे. निदान अर्धं.

नगरपालिकेच्या सभेच्या आदल्या दिवशी मी पुठ्ठ्याची बाग घेऊन तुझ्याकडे मुक्कामाला आलो होतो, आठवतं? बोटाएवढी झाडं, नखाएवढे बाक. ती तुझ्या कापायच्या टेबलावर ठेवली होती. सकाळी आंघोळ करून आलो, झाकण घातलेली बाग उचलली आणि नगरपालिकेत गेलो. तिथे झाकण काढलं. एकही वस्तू जागेवर नव्हती. पण मी तोंड उघडायच्या आत अध्यक्षबाई म्हणाल्या की, अगदी मोकळं वाटतंय हो. मग सगळेच वाहवा करायला लागले. आमच्या ऑफिसच्या साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मी गप्प बसलो. पुढे त्या पुठ्ठ्यावरूनच नकाशा नव्याने काढायला लावला. तोच आज फलकावर आहे.

चिडणार नसशील तर एकच विचारतो. त्या सकाळी माझ्या बागेला कोणी हात लावला होता?

दाजींना नमस्कार. तुझी माया जशी आहे तशीच राहू दे, तीही कोणी हलवू नये.
तुझा,
गुंड्या


१७ जानेवारी

चि. गुंड्यास,
आशीर्वाद. किती ते तूच ठरव.

हात लावला म्हणजे काय? टेबल माझं, दुकान माझं. तू त्यावर बाग पसरून आंघोळीला गेलास आणि मला वकीलबाईंचे पडदे कापायचे होते. जरा उचलून भिंतीला टेकवली, तर सगळी बाग घसरून एका कोपऱ्यात गोळा. तुमच्या ऑफिसात डिंक मिळत नाही का? तू आत गाणी म्हणत होतास. मी एकेक वेचलं आणि माझ्याकडच्या चांगल्या डिंकाने पक्कं बसवलं. सभेत एक तरी झाड हललं का? त्याचं कौतुक कोण करणार?

कुठलं कुठे होतं ते मला काय ठाऊक. बरं दिसेल तिथे लावलं. शेवटी एक मोठं झाड हातात उरलं, ते खरं मोठं झाड आहे तिथे ठोकलं. राहिली ती पांढरी खोली. लाल छप्पर, खिडकीला नाजूक जाळी. मला वाटलं, आइस्क्रीमचं दुकान. म्हटलं, लावावं आपल्यासमोर, गर्दी झाली तर चार बायका इकडेही वळतील. संडासाला एवढं नटवायची काय गरज होती रे?

आणि तू शहाणा! डोळ्यांनी दिसत होतं, तरी पाठ थोपटून घेत बसलास. तेव्हा निम्मा संडास तुझा. उठ, साहेबांना खरं सांग आणि तो टाकीमागे ने.

दाजी आज एक डाव जिंकले. दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

कळावे. लोभ वाढवायची संधी तुला आहे.
ताई


२३ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र खिशात घालून साहेबांच्या दारापर्यंत गेलो होतो. आत जाण्याआधी जुना नकाशा एकदा बघून घेतला, आणि तसाच मागे फिरलो.

ताई, तुझ्या हातात उरलेलं ते झाड कारंज्याजवळचं होतं. तू ते जिथे ठोकलंस तिथे जुन्या नकाशात झाड नाही. तिथे गाड्या उभ्या करायची जागा आहे. म्हणजे बागेतलं मोठं झाड तोडायचं ठरलं होतं, आणि तो कागद मीच काढला होता. तुझ्या डिंकामुळे सभेने झाडासकट बाग मंजूर केली.

आता मी सगळं सांगितलं तर जुना नकाशा जसाच्या तसा परत येईल. संडास टाकीमागे जाईल आणि झाडही जाईल. निम्मं सांगून भागणार नाही. आमचे साहेब एक टाका ओढायला गेले की अख्खा सदरा उसवतात.

शुक्रवारी, सात फेब्रुवारीला, नगरपालिकेत लोकांच्या हरकती ऐकणार आहेत. साहेबांबरोबर मीही येतोय. दुकान तुझं आहे, रोज समोर तुलाच बघायचं आहे. तू म्हणशील तसं करतो.

रागातही आठवण ठेवावी, ही विनंती.
तुझा,
गुंड्या


२८ जानेवारी

चि. गुंड्यास,
अनेक आशीर्वाद. सगळे घे.

पत्र वाचलं, मशीन बंद केलं आणि बागेत गेले. दाजी झाडाखाली बसले होते, समोर खेळायला कोपऱ्यावरचा घड्याळवाला. यांचा वजीर कधीच गेला होता, तरी हे घड्याळवाल्यालाच कसं खेळायचं ते शिकवत होते. मी पाठीमागे येऊन उभी राहिले ते कोणाला कळलंही नाही.

हे झाड गेलं तर हा माणूस बसेल कुठे? माझ्या दुकानात. कारखाना सुटला त्या पहिल्या महिन्यात बसलेच होते की. गिऱ्हाईक गप्प असेल तर त्याला सांगायचे, बाही लांब झालीय. मशीनला तेल घालतो म्हणून झग्यावर डाग पाडला. पण ते सोड. तेव्हा संध्याकाळी दारात उभे राहून नुसते रस्त्याकडे बघायचे. मी बोलले तर हूं म्हणायचे. शिव्या घातल्या तरी हूं. गुंड्या, ते हूं मला पुन्हा ऐकायचं नाही. झाडाखाली जायला लागले तेव्हापासून माणूस भांडतो तरी.

तेव्हा झाड राहील. संडासही राहील. पण त्याचं दार बागेच्या बाजूला फिरव, माझ्याकडे पाठ कर. पाठीला खिडकी नको. त्या भिंतीवर दाट वेल चढव आणि पुढे एक बाक टाक, म्हणजे कपडे टाकायला आलेल्या बाईचा नवरा तिथे ताटकळेल, माझ्या दुकानात जांभया देणार नाही. आणि आत दिवसभर पाणी हवं. वेल भिंत झाकतो, वास झाकत नाही.

एवढ्याने जुना नकाशा बाहेर काढावा लागत नसेल, तर मी शुक्रवारी उभी राहते आणि दार फिरवा म्हणते. लागत असेल तर तिथे मी तोंड उघडणार नाही. नाकाला रुमाल बांधून शिवेन. दाजींना यातलं अक्षर कळता कामा नये. त्यांच्यासाठी केलं म्हणून समजलं तर डोक्यावर बसतील.

बोलायचं की गप्प बसायचं, ते मला सभेआधी कळलं पाहिजे. लोभ वगैरे नंतर बघू. दार फिरतं की नाही, एका ओळीत लिही, आणि ती ओळ गुरुवारपर्यंत माझ्या हातात पडली पाहिजे.
ताई