तुटकी शिरोरेषा

हिमायतनगर, रविवार संध्याकाळ

विनयच्या हस्ताक्षर-परीक्षणाच्या क्लासला आज उगाच गेले. शेवटचा दिवस म्हणून घरच्यांनाही बोलावलं होतं. आणि पडद्यावर माझंच पत्र! लग्नाआधी मी विनयला लिहिलेलं.

सर म्हणाले, "देखो, शिरोरेषा जागा-जागा टूटी हुई. ये औरत दिल की नहीं बोलती. इसपे भरोसा नक्को करो." सगळे हसले.

घरी येताना विनय म्हणतो, "अगं, तुझं नाव कुठे सांगितलं मी?"

नाव! ती रेघ का तुटली, हे त्याला माहीत नाही? बाबा गेले त्या दिवशी लिहिलं होतं ते. हात कापतोय, असं पत्रातच होतं.

विनय हसला नाही, तेवढं खरं. तो मान डोलावत सरांचं वाक्य वहीत उतरवून घेत होता.