चौदा नंबरची गादी

प्रिय चिमणे,

तीन कागद फाडले, हा चौथा. त्या पोरीला दत्तक घेत नाही असं तू सोमवारी कळवणार आहेस. त्याआधी हे पत्र पोचलंच पाहिजे, म्हणून आता कसंही उतरलं तरी फाडणार नाही.

आपलं बालगृह रंगवतोय. तिसऱ्यांदा! आपल्यानंतर तिथे जमीनमोजणीचं ऑफिस आलं, तेव्हा पिवळा मारला. मग कोचिंग क्लास झाला, तेव्हा निळा. आता दातांचा दवाखाना होतोय. तोंड मिटून जेवा म्हणून बाई जिथे आपल्यावर ओरडायच्या, तिथेच आता लोक आ वासून पडणार. हस बाई, तू तरी हस. माझं कशात लक्ष नाही. ब्रश उचलतो, ठेवतो, उगाच जिना चढतो नि उतरतो.

कारण तो वरचा सज्जा. रात्री ज्याची गादी ओली व्हायची, त्याची तिथे कठड्यावर वाळत पडायची, नंबर रस्त्याकडे करून. मूल बघायला आलेले पाहुणे फाटकातून शिरताना आधी वर बघायचे. आज तो कठडा खरवडला. निळा निघाला, पिवळा निघाला आणि खालून आपला हिरवा दिसला. मी तिथेच फतकल मारून बसलो.

तू आठ वर्षांची होतीस. ते शिक्षक जोडपं तुला न्यायला येणार होतं. बाईंनी स्वतः तुझ्या दोन वेण्या घातल्या. आणि नेमकी त्या सकाळी कठड्यावर चौदा नंबरची गादी! मी नाही केलं, मी नाही केलं, म्हणून तू घसा फोडलास. कुणी ऐकलं नाही. ते दुसरीला घेऊन गेले. आणि परवा तू लिहितेस की माझ्यातच काहीतरी खोट असणार, जिला कुणी नेलं नाही ती कसली आई होणार.

चिमणे, ते तू नव्हतंस केलं. तू तोंड धुवायला गेलीस तेव्हा तांब्याभर पाणी मी ओतलं. तू गेलीस तर मला कोण उरणार, एवढंच माझ्या नऊ वर्षांच्या डोक्यात होतं. एकतीस वर्षं तू मला भाऊ म्हणतेस आणि मी मूग गिळून बसलोय. शिव्या घाल, जन्मभर तोंड बघू नकोस माझं. पण पोरीला घरी आण. तुझ्याकडे राहायला आली तेव्हा उठल्याउठल्या गादी चाचपत होती, असं तूच लिहिलंस ना? तिला सांग, ओली झाली तरी चालेल.

तुझाच,
भोपळ्या